लादीचं काळीज

आमच्या घरामागे बर्फाचा कारखाना होता. भिवंडीच्या माणसानं लिहायला घेतलं की यंत्रमागापासून सुरुवात करावी, अशी एक अपेक्षा असते, आणि ती काही चुकीची म्हणता येणार नाही. माझ्याही कानांनी ओळखलेला पहिला ताल धोट्याचाच. पाहुण्यांना रात्री त्या खडखडाटात झोप यायची नाही. आमची झोप उडायची ती वीज गेली आणि माग थांबले की. पण त्याच गल्लीच्या टोकाला, जिथं हवेत सुताची तुसं तरंगायची आणि दुपारी छपरांचे पत्रे तापून वाजायचे, तिथं एक थंड दार होतं. दाराला ओलं गोणपाट. ते बाजूला सारलं की आधी अमोनियाचा नाकात शिरणारा झणका आणि मागोमाग पायांतून वर चढणारा गारवा. मे महिन्यात त्या दाराशी नुसतं उभं राहायला मिळावं म्हणून आम्ही पोरं कामगारांची पडेल ती कामं करायचो. विड्या आण, चहाचे ग्लास परत ने.

आतली जमीन म्हणजे जाड लाकडी झाकणं. झाकण उचललं की खाली पत्र्याच्या उंच डब्यांची रांग दिसायची. डब्यांत गोडं पाणी, आणि डबे ज्यात गळ्यापर्यंत बुडालेले त्या हौदात मिठाचं पाणी. हौदातल्या नळ्यांमधून अमोनिया फिरायचा. त्यानं मिठाचं पाणी शून्याच्या बरंच खाली जायचं, पण स्वतः पातळच राहायचं. डब्यातल्या पाण्याचा मात्र दगड करायचं. मला ते काही केल्या पटेना. जे जास्त थंड ते वाहतं आणि जे कमी थंड ते गोठतं, हे कसं? तिथल्या एका म्हाताऱ्या कामगाराला सगळे मामू म्हणायचे. त्याला विचारलं तर विडी न काढता तो म्हणाला, "मीठ है ना. मीठ पाण्याला झोपू देत नाही."

पुढं कॉलेजात याचं समीकरण शिकलो. मामूच्या वाक्यात त्यानं फारशी भर पडली नाही.

डबे यारीनं वर यायचे, साध्या पाण्यात बुचकळले की लादी आतून सुटायची आणि ओल्या फरशीवरून घसरत दाराकडे यायची. माणसाच्या छातीएवढ्या उंचीची, वाफाळणारी. तिच्या कडा इतक्या स्वच्छ की पलीकडे उभ्या असलेल्याच्या लुंगीच्या चौकटी मोजाव्यात. पण मध्यावर, वरपासून खालपर्यंत, एक पांढुरका, दाट, रेषारेषांचा पट्टा. धुकं कोंडून ठेवल्यासारखा. मामू त्याला लादीचं काळीज म्हणायचा. पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि गोठताना स्वतःखेरीज कुणालाही थारा देत नाही. हवा, क्षार, गाळ, असेल नसेल ते सगळं आत आत रेटत नेतं. शेवटी रेटायला जागा संपते तेव्हा ते सारं मधे चिणलं जातं. चांगल्या कारखान्यात डब्यात बारीक नळीनं हवा सोडून पाणी हलतं ठेवतात आणि शेवटचं मधलं गढूळ पाणी ओढून काढून तिथं ताजं भरतात. मग लादी आरपार काचेसारखी निघते. आमच्या गल्लीतल्या लाद्यांना काळीज होतं.

त्या काळजाची आठवण मला पुन्हा झाली ती २०१८ साली, आणि तीही दोन भलत्याच बातम्यांमुळे.

पहिली बातमी आपल्याकडची. खाण्याचा बर्फ आणि मासे, माल वगैरे थंड ठेवायचा बर्फ यांची सरमिसळ होते म्हणून महाराष्ट्रात असा नियम आला की जो बर्फ खाण्यासाठी नाही त्यात निळा रंग मिसळायचा. गोळेवाल्याच्या रंध्याखाली निळी लादी दिसली तर समजायचं, गडबड आहे. मासळी बाजारात निळ्या बर्फाच्या चुऱ्यावर पापलेटं मांडलेली पाहून पहिल्या दिवशी कोळणीच खळखळून हसत होत्या. दुसरी बातमी मंगळाची. त्याच वर्षीच्या जानेवारीत तिथल्या मध्यम अक्षांशांवरचे आठ कडे शास्त्रज्ञांनी जगापुढे ठेवले. कडा झिजून उघडा पडलेला, आणि त्याच्या अंगात जमिनीखाली मीटर-दोन मीटरपासून सुरू होणारा, शंभर मीटरहूनही जाड बर्फाचा थर. फोटोतले रंग गडद करून घेतलेले असल्यामुळे तांबूस मातीत तो बर्फ निळा दिसत होता. थेट आमच्या मासळी बाजारातला निळा.

मला गंमत वाटली ती रंगापेक्षा हेतूची. उन्हाळ्यात पालिकेची माणसं गाड्यांवरच्या बर्फाचे नमुने बाटलीत भरून नेतात. प्रयोगशाळेत एकच गोष्ट शोधायची असते, त्या बर्फात जिवंत काही आहे का. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय नावाचा आतड्यातला एकही जीवाणू असता कामा नये; सापडला की नोटीस, दंड, वर्तमानपत्रात चौकट. आणि मंगळाच्या बर्फाच्या १०० मिलिलिटरमध्ये तसलाच एखादा, किंवा त्याचं मोडकं कलेवर जरी सापडलं तरी तो मानवजातीच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस ठरेल. बर्फ तोच, शोधही तोच, फक्त तो कुठं सापडला यावर हार की दंड हे ठरायचं.

मंगळाच्या ध्रुवांवर पांढरं काहीतरी आहे, हे दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना सतराव्या शतकातच दिसू लागलं होतं. १७८४ साली विल्यम हर्शेलनं सांगितलं की ते हिम आणि बर्फ असावं; ऋतू बदलतो तशी ती टोपी वाढते, आक्रसते. आता आपल्याला ठाऊक आहे की थंडीत तिथं जी शुभ्र चादर पसरते ती गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडची, म्हणजे समारंभात स्टेजवर धूर काढायला वापरतात त्या कोरड्या बर्फाची. पण उत्तर ध्रुवावर ती चादर उन्हाळ्यात उडून गेली की खाली उरतो तो पाण्याचाच बर्फ. सुमारे हजार किलोमीटर रुंद आणि दोन-तीन किलोमीटर जाड. दक्षिण ध्रुवावर बारमाही राहणारा कोरडा बर्फ आहे, काही मीटरांचा. त्याच्याखाली पुन्हा पाण्याचा.

ही टोपी एकसंध नसते. तिच्यातल्या नळ्यांसारख्या वळणदार दऱ्यांच्या भिंतींवर थरावर थर दिसतात, फिकट, गडद, पुन्हा फिकट. मला ते फोटो पाहिले की गोदामात रचलेले कोऱ्या कापडाचे ताके आठवतात. कडेनं पाहिलं की प्रत्येक घडी वेगळी मोजता यावी. गडद घडी म्हणजे धुळीचे दिवस, फिकट म्हणजे हिमाचे. पृथ्वीचा आस चंद्रामुळे बराचसा स्थिर आहे. मंगळाचे दोन चंद्र अगदीच किरकोळ, त्यामुळे त्याचा आस लाखो वर्षांच्या हिशेबात चांगलाच डोलतो. आज तो सुमारे २५ अंश कललेला आहे. जास्त कलला की ध्रुवांवर ऊन पडतं, बर्फ उडून विषुववृत्ताच्या दिशेनं सरकतो. सावरला की पुन्हा ध्रुवांवर येऊन बसतो. मधल्या पट्ट्यातले ते निळे कडे अशाच कुठल्यातरी स्थलांतराची मागं राहिलेली बिऱ्हाडं.

आता त्या ताक्यांच्या घड्यांत कुणी जिवंत असू शकेल का? इथं मला मामूचं काळीज उपयोगी पडतं.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात ब्युफर्ड प्राइस नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. पृथ्वीच्या दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात खोल उपकरणं सोडून न्यूट्रिनो पकडण्याच्या उद्योगात ते होते. म्हणजे जीवाणूंशी त्यांचा तसा संबंध नव्हता. पण इतका बर्फ रोज डोळ्यांसमोर असल्यावर माणूस बर्फाचाच विचार करायला लागतो. २००० साली त्यांनी मांडलं की बर्फ म्हणजे एक सलग ठोकळा नव्हे, तर एकमेकांना चिकटलेल्या स्फटिकांचा खच आहे. स्फटिक बनताना मीठ आणि आम्ल बाहेर ढकललं जातं. तीन स्फटिक जिथं भेटतात तिथल्या फटीत ते साचतं. त्या मिठानं तिथलं पाणी गोठत नाही. केसाहूनही कितीतरी बारीक अशा पातळ शिरा सगळ्या बर्फातून पसरलेल्या असतात, आणि जीवाणूही त्याच रेट्यानं त्याच शिरांमध्ये येऊन पडतात. पाणी तिथंच, क्षार तिथंच, खायला जे काही असेल तेही तिथंच. आमच्या लादीला एकच काळीज होतं. ध्रुवाच्या बर्फाला अशी कोट्यवधी असतात.

म्हणून मंगळावर कुणी राहत असेल तर ते शुभ्रतेत सापडायचं नाही. शुभ्रतेनं जे अंगाबाहेर टाकलं, त्या खारट फटीत सापडेल. भिवंडीच्या माणसाला हे समजायला जड जात नाही. मुंबईला आत नको, पण ज्याच्याशिवाय तिचं चालत नाही, ते सगळं खाडी ओलांडून आमच्याकडे येऊन साचलं. आधी माग आले, मग जकात नाक्याबाहेरची स्वस्त जागा म्हणून गोदामं आली. २०१७ साली जकात गेली, तरी गोदामं वाढतच राहिली. आज माणकोली, काल्हेर, दापोड्याकडे शेतांच्या जागी निळ्या-करड्या पत्र्यांची छपरं दिसतात, आणि देशभर जाणारी खोकी तिथून सुटतात. फटीत राहणारे जीव सुस्त असतात असं समजू नये.

प्राइस आणि टॉड सॉवर्स यांनी २००४ साली आणखी एक हिशेब मांडला, तो मला फार आवडतो. सूक्ष्मजीवांच्या जगण्याच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. एक वाढण्याची. दुसरी, वाढ न होता हालचाल, खाणंपिणं चालू ठेवण्याची. तिसरी नुसतं तग धरण्याची, म्हणजे शरीराची मोडतोड जेवढी होते तेवढीच दुरुस्ती करत बसायचं, बाकी काही नाही. तिसऱ्या पायरीवर खर्च पहिलीच्या दहा लाखावा हिस्सा. मंदीत माग विकायचा नाही, रोज तेलपाणी करून झाकून ठेवायचा, असं करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना जिवंत म्हणायचं की बंद, हे बाहेरच्यानं ठरवणं अवघड असतं.

पृथ्वीवर अशा तग धरण्याचे पुरावे आता ढिगानं आहेत. जानेवारी २०१३ मध्ये अंटार्क्टिकातल्या व्हिलान्स सरोवरापर्यंत ८०० मीटर बर्फ भेदून लोक पोचले. वरून सूर्य नाही, बाहेरची हवा नाही, आणि एका मिलिलिटर पाण्यात सुमारे १ लाख ३० हजार पेशी. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून काढलेला रोटिफर नावाचा, डोळ्यांना न दिसणारा बहुपेशीय प्राणी २४ हजार वर्षांनी हलू लागला आणि पिल्लंही घालू लागला. ही २०२१ची गोष्ट. कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समीर बेटावरचा एक जीवाणू उणे १५ अंशांना, मिठाच्या दाट पाण्यात, केवळ टिकत नाही तर वाढतो. मीठ आणि थंडी, म्हणजे पुन्हा आमचा हौदच.

आणि थंडीचं कौतुक करताना मी आमच्याच तालुक्यातलं दुसरं टोक विसरू नये. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली इथली गरम पाण्याची कुंडं भिवंडी तालुक्यातच येतात, तानसा नदीच्या काठानं. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेआधी वज्रेश्वरीला नवस केला होता, असं सांगतात. लहानपणी वर्षातून एकदा खरजेवर उतारा म्हणून आम्हाला तिथं नेऊन बुडवत. पाण्यात पाय घातला की तोंडातून आई गं निघायचं, आणि पाणी वाहून जायच्या तोंडाशी दगडांवर हिरवट बुळबुळीत साय. आई म्हणायची, घसरशील. तिथं काहीतरी मजेत राहत होतं, एवढंच माझ्या घसरत्या टाचेला तेव्हा कळलं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना कढत पाण्यात राहणारा जीवाणू सापडला. त्याच्याच एका प्रथिनावर पुढं पीसीआर चाचणी उभी राहिली, आणि २०२० साली आपल्या सगळ्यांच्या नाकात जी काडी गेली तिचा निकाल त्या झऱ्यातल्या जीवाच्या कृपेनं लागला. जीव कुठं राहू शकत नाही, याची यादी गेल्या साठ वर्षांत आखडतच आली आहे.

मात्र मंगळाचं काम इतकं सोपं नाही. तिथली थंडी मामूच्या हौदासारखी नाही. हिवाळ्यात ध्रुवावर उणे सव्वाशे अंश, जिथं हवाच गोठून खाली पडते. आपल्या ओळखीच्या जीवाणूंची हालचाल उणे विसाच्या आसपास जेमतेम मोजता येते. शिवाय मंगळाची हवा आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्शाहून कमी आणि सबंध ग्रहाला वेढणारं चुंबकीय कवच नाही. अंतराळातली किरणं थेट जमिनीवर. पेशी झोपलेली असली, दुरुस्ती बंद असली, तर ही किरणं तिचे धागे एक एक करून तोडत जाणार. कितीही घट्ट विणलेलं कापड उन्हात वर्षानुवर्षं टांगलं तर शेवटी बोटानं फाटतं.

मग आशा कशाची? दोन गोष्टींची, मिठाची आणि खोलीची.

२५ मे २००८ ला फिनिक्स नावाचं यान मंगळाच्या उत्तरेला, ६८ अक्षांशावर उतरलं. त्यानं यांत्रिक हातानं चर खणला. चरात पांढरे खडे दिसले. चार दिवसांनी ते नाहीसे झाले. मीठ असतं तर राहिलं असतं, म्हणजे बर्फच, जो वितळायच्या भानगडीत न पडता थेट वाफ झाला. माणसाच्या यंत्रानं दुसऱ्या ग्रहाच्या बर्फाला हात लावायची ती पहिली वेळ. त्याच यानाला मातीत परक्लोरेट सापडलं. हे असं मीठ की त्यानं पाणी उणे सत्तर अंशांपर्यंतही पातळ राहू शकतं. मंगळानं आपल्या हौदात कुठलं मीठ टाकलंय ते कळलं. त्या यानानं ढगांतून हिम झरताना पाहिलं, आणि नोव्हेंबरात सूर्य मावळू लागला तसं ते गप्प झालं. पुढं वरून काढलेल्या फोटोत त्याचा सौरपंख तुटलेला दिसला, कोरड्या बर्फाच्या भारानं मोडलेला. मला त्या पंखाचं उगीच वाईट वाटत राहतं.

फिनिक्सचा तो हात पृथ्वीवरून निघताना निर्जंतुक पिशवीत गुंडाळलेला होता. मंगळावर पोचल्यावर पिशवी उघडली. का, तर आपलेच जंतू तिथं जाऊ नयेत, आणि गेलेच तर आपण आपल्यालाच शोधून काढून नाचू नये. १९६७च्या अंतराळ करारातही इतर ग्रह घाण न करण्याचं कलम आहे. बर्फाला निळा रंग लावून वेगळा ठेवण्यामागची भीती आणि ही भीती मुळात एकच. बर्फ फिरतो तेव्हा एकटा फिरत नाही. १८३३ साली बॉस्टनहून फ्रेडरिक ट्यूडरनं जहाजात लाकडाच्या भुशात बर्फ भरून कोलकात्याला पाठवला. १८० टन निघाला, शंभरेक टन पोचला. पुढं तसाच मुंबईतही आला. विषुववृत्त दोनदा ओलांडून आलेल्या त्या लाद्यांबरोबर न्यू इंग्लंडच्या तळ्यांतले किती जीव आपल्या साहेबांच्या ग्लासात उतरले असतील, त्याची वही कुणी ठेवली नसणार.

खोलीची गोष्ट अलीकडची. नासातल्या अलेक्झांडर पावलोव यांच्या गटानं २०२५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ई. कोलाय घेतला. हो, तोच, ज्याच्यामुळे गोळेवाल्याला दंड होतो. तो बर्फात गोठवला आणि मंगळावर कोट्यवधी वर्षांत मिळेल एवढा किरणांचा मारा त्याच्यावर केला. जीवाणू मेले, त्यात नवल नाही. पण ते ज्या अमिनो आम्लांचे बनतात त्यांतली दहा टक्क्यांहून जास्त, शुद्ध बर्फात, पाच कोटी वर्षांइतक्या माऱ्यानंतरही शाबूत राहतील असं निघालं. माती मिसळलेल्या बर्फात मात्र ती दहापट वेगानं मोडली. हे वाचून मी जरा हिरमुसलो. माझी सगळी भिस्त काळजावर होती, गढूळ, खारट, चिणलेल्या भागावर, आणि प्रयोग सांगत होता की स्मारक टिकतं ते स्वच्छ काठावरच्या बर्फात. जिवंत राहायला घाण लागते, मेल्यावर ओळखू यायला स्वच्छता. आता मंगळावर पहिला चर कुठं खणायचा, हा प्रश्न मला आधीपेक्षा कठीण वाटतो.

मंगळाच्या दक्षिण ध्रुवाखाली सरोवर असल्याची बातमी जुलै २०१८ मधली. युरोपच्या यानावरच्या रडारला दीड किलोमीटर बर्फाखाली वीसेक किलोमीटर रुंदीचा चकचकीत परतावा दिसला. पाणीच असं काहींचं म्हणणं. मग इतरांनी दाखवलं की विशिष्ट चिकणमाती किंवा बर्फाचे थरही असं चमकू शकतात. वाद चालू आहे. मी तरी त्या सरोवरावर होडी सोडलेली नाही. आदित्य खुल्लर या संशोधकाच्या गटानं २०२४ साली मांडलेलं मला जास्त आपलंसं वाटतं. ते म्हणतात, मध्यम अक्षांशांवरच्या बर्फात थोडी धूळ मिसळलेली असेल तर ऊन आतपर्यंत जातं, धुळीचे कण तापतात, पृष्ठभागाखाली पाण्याची छोटी खळगी तयार होतात. घातक किरणं वर अडतात आणि प्रकाशसंश्लेषणापुरतं ऊन खाली पोचतं. ध्रुवांवर हे जमत नाही, तिथं फार थंड. पण पृथ्वीवरच्या हिमनद्यांवर अशी खळगी खरोखर असतात, काळ्या धुळीच्या चिमटीभोवती वितळलेल्या पाण्याची, आणि त्यांत जीव नांदतात. गोव्यात वास्कोला आपली ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. बाहेर दमट हवेत शर्ट पाठीला चिकटलेला आणि आत अंटार्क्टिकाहून आणलेल्या बर्फाच्या कांड्या कडक थंडीत ठेवलेल्या. मला त्या दाराशीही एकदा उभं राहायचंय. तिथं ओलं गोणपाट नसेल, एवढंच.

आपल्याकडे या प्रश्नाशी सर्वांत चिवटपणे झुंजलेला माणूस म्हणजे जयंत नारळीकर. जीवन आकाशातून पडत असेल का, हा त्यांच्या गुरूंचा, फ्रेड हॉयल यांचा ध्यास. नारळीकरांनी तो नुसता मानला नाही, तपासायला फुगा सोडला. २००१ मध्ये एकदा आणि २००५च्या एप्रिलमध्ये पुन्हा, हैदराबादहून. ४१ किलोमीटरपर्यंत गेलेल्या त्या फुग्याखाली पोलादी नळ्या होत्या, द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या, म्हणजे जवळजवळ उणे २४६ अंशांत. नळीचं तोंड उघडलं की बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठायची. हा तर आमच्या कारखान्याचाच आकाशातला भाऊ. त्या हवेतून हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी १२ जीवाणूंच्या आणि ६ बुरशींच्या वसाहती वाढवल्या. तीन जीवाणू नवे निघाले. त्यांतल्या एकाला हॉयल यांचं नाव दिलं, एकाला आर्यभटाचं, एकाला इस्रोचं. अतिनील किरणांपुढे ते आपल्या भाईबंदांपेक्षा जास्त तग धरत होते. ते आकाशातून आले असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही, आणि इस्रोनंही तसा दावा केला नाही. २० मे २०२५ ला नारळीकर गेले तेव्हा मला आठवला तो त्यांचा हा संयम. ज्या उत्तराची आयुष्यभर वाट पाहिली ते हातात आल्यासारखं वाटत असताना ‘अजून नाही’ म्हणणं सोपं नसतं.

मामूचा कारखाना केव्हाच बंद झाला. त्या जागी आता एक गोदाम आहे, आणि त्याच्या शटरमागे काय थंड होतं की गरम, ते बाहेरून कळत नाही. गल्लीतले निम्मे माग भंगारात गेले. उरलेल्यांचा आवाज ऐकू येतो, पण मधेमधे विसावा घेतल्यासारखा.

परवा माझ्या पुतणीला शाळेत बर्फावर काहीतरी करून न्यायचं होतं. मी म्हटलं, चल, लादी करू. उभ्या स्टीलच्या ग्लासात कोकमाचं सरबत भरलं, ग्लास जुन्या टॉवेलच्या तुकड्यावर ठेवून फ्रीझरमध्ये ढकलला. तिनं दर तासाला दार उघडून पाहिलं, त्यामुळे रात्रभर फ्रीझ कण्हत होता आणि वहिनी माझ्यावर चिडली होती. सकाळी ग्लास नळाखाली धरला. ठोकळा सुटून ताटलीत आला. कडा जवळजवळ रंगहीन, पारदर्शक. सगळा लाल रंग आत पळून मध्यावर उभा राहिलेला, गडद, एखाद्या शिरेसारखा. चमच्याचं टोक टोचलं तर तिथं अजून गोठलं नव्हतं. दाट, थंड, वाहतं.

पुतणीनं बोट बुडवून चाटलं. डोळे मिटले, खांदे आकसले.

"काका, इथं सगळंच आहे," ती म्हणाली. "आंबट पण, खारट पण."